चार हात जागेतली तालीम



व्याख्यानमालेत कामगार संघटनेचा माणूस बोलावला, की तो बोनस, महागाई आणि संप यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच येतात. आज मी त्या विषयांवर बोलणार नाही. थोड्या पैशांत, लहान मुले अंगाखांद्यावर खेळत असताना, घरच्या घरी तालीम कशी उभारावी, हा माझा आजचा विषय आहे. मी काही पैलवान नव्हे आणि वैद्यही नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिकलो, ते वाचनालयात आणि कारखान्याच्या दारात शिकलो. परंतु कामगारांत इतकी वर्षे वावरल्यावर एक गोष्ट डोळ्यांसमोरून हलत नाही. पंचेचाळिशी गाठता गाठता आमच्या माणसाची कंबर जाते, गुडघे जातात, खांदा वर होत नाही. मजुराजवळ विकण्यासारखे असते ते त्याचे अंगबळ. तेच सरले, म्हणजे करारातली पगारवाढ घेण्यापुरताही तो कामावर उरत नाही. म्हणून हा विषय मी संघटनेच्या कामाबाहेरचा मानीत नाही.

आता पहिला आक्षेप येतो तो आमच्याच लोकांकडून. ते म्हणतात, "दिवसभर आम्ही राबतो, तोच आमचा व्यायाम. वेगळी तालीम हवी कशाला?" या आक्षेपाला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. चिकूच्या वाडीतला गडी लांब बांबूची जाळी घेऊन तासन् तास मान वर करून उभा असतो. फुग्यांच्या कारखान्यातली बाई दिवसभर बोटांची तीच ती हालचाल करते. आवणीच्या दिवसांत सारे शेत कमरेत वाकलेले असते, आणि वीटभट्टीवर डोक्यावरचे ओझे मणक्यावर उतरते. कचेरीतला कारकून तर बसूनच झिजतो. या प्रत्येक कामात शरीराचा एक भाग अति राबतो आणि बाकीचा पडून राहतो. श्रम आणि व्यायाम यांतला भेद इथेच आहे. श्रमात वजन किती, किती वेळ आणि कोणत्या अंगाने उचलायचे, हे दुसरा ठरवतो. व्यायामात ते आपण ठरवतो. डावे-उजवे सारखे राखतो, दुखले की थांबतो. श्रमाने जे वाकवले, ते व्यायामाने सरळ करायचे असते.

आणि आपल्या शरीराचा धनी कोण, हा प्रश्न तर याच भूमीत मोठ्याने विचारला गेला आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वारली जोडपी सावकाराकडे लग्नगडी म्हणून राबत; वेठीला नाही म्हणण्याची सोय नव्हती. तलासरीजवळ झरी येथे २३ मे १९४५ रोजी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वारली शेतकरी-मजूर जमले आणि वेठ करायची नाही, बारा आणे रोजाखेरीज कामाला जायचे नाही, असे त्यांनी ठरवले. त्याच्याही आधी, १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. या लढ्यांनी जो वेळ मिळाला, तो केवळ निजून किंवा पडद्याकडे बघून संपवण्यासाठी नव्हता. मिळालेल्या वेळातली वीस मिनिटे आपल्याच शरीरासाठी राखणे, हे त्या कमाईचे व्याज आहे.

मग व्यायामशाळेत का जाऊ नये? ज्याला जमते त्याने अवश्य जावे. पण पहाटेची गाडी धरून पालघर-बोईसरकडे कामाला जाणारा तरुण आणि घरी दोन वर्षांचे मूल सांभाळणारी त्याची बायको यांना ते जमत नाही. वर्गणीपेक्षाही जाण्यायेण्याचा वेळ महाग पडतो. आणि दोघांपैकी एकाला वेळ मिळालाच, तर तो नवऱ्याला मिळतो. बायको घरीच राहते. मूल झालेल्या घरात तालीम टिकायची, तर ती घरातच आली पाहिजे.

ही कल्पना काही नवी नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकात सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, आपल्या संस्थानातल्या शाळांत मुलामुलींकडून ते घालून घेतले. सूर्यनमस्काराला लागते काय? चार हात लांब, दोन हात रुंद जमीन. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांना कुस्तीचे पहिले धडे त्यांच्या वडिलांनी, दादासाहेबांनीच दिले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याची सुरुवात बाप-लेकाच्या तालमीत झाली.

परंतु मला याहून जवळचा धडा वाटतो तो आपल्या डहाणू तालुक्यातला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे काम आरंभले; अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची घडीव साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा ताराबाईंनी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने केली. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर नेली. त्यांनी साधनाची नक्कल केली नाही, साधनामागचे तत्त्व उचलले. शाळा अंगणात येऊ शकते, तर तालीम ओटीवर का येऊ नये?

तेव्हा व्यायामाच्या साधनांमागचे तत्त्व काय, ते पाहू. शरीराच्या मुख्य हालचाली चार: बसून उठणे, ढकलणे, ओढणे आणि वजन उचलून चालणे. दुकानातले यंत्र कितीही चकचकीत असो, ते यांपैकीच काहीतरी करवून घेते. या चारही हालचाली घरात होतात.

पहिला महिना एक पैसाही खर्च करू नका. बसून उठण्यासाठी बैठका. गुडघा कुरकुरत असेल तर पाटावर किंवा खुर्चीवर बसून उठावे. ढकलण्यासाठी जोर; प्रथम भिंतीला हात टेकून, मग ओट्याला, आणि अंगात बळ आल्यावर जमिनीवर. चालण्यासाठी डहाणूचा समुद्रकिनारा आहे, तलासरीकडे डोंगराची चढण आहे. दोन्ही फुकट आहेत. महिनाभर हे नेमाने झाले, तरच पुढचे साधन आणावे. अर्धवट सुटलेल्या उत्साहाची लोखंडी वजने माळ्यावर गंजताना मी पुष्कळ घरांत पाहिली आहेत.

दुसऱ्या महिन्यात वजन तयार करावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्याने भरला की पाच किलोचे, मूठ असलेले वजन झाले. त्यातच कोरडी वाळू भरली तर साधारण साडेसात किलो भरते. अशी जोडी दोन्ही हातांत घेऊन अंगणात फेऱ्या घालाव्यात. त्याहून जड हवे, तर धान्याची जाड पिशवी घ्यावी आणि तिच्यात पाच-पाच किलो वाळूच्या घट्ट बांधलेल्या पुड्या ठेवाव्यात. पुडी घातली की वजन वाढते, काढली की कमी होते. वाळू समुद्राची घेऊ नये. तिच्यातले मीठ ओल धरते आणि पिशवी कुजते.

ओढण्याची हालचाल आपल्या लोकांना सर्वांत गरजेची, कारण आपली बहुतेक कामे पुढे वाकून होतात. सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणावी, वॉल्व्हचा भाग कापून टाकावा, खिडकीच्या भक्कम गजाला किंवा खांबाला अडकवून दोन्ही हातांनी छातीकडे ओढावी. उन्हाने रबर चिरते, म्हणून प्रत्येक वेळी तपासून घ्यावी. तुटलेली ट्यूब तोंडावर बसते. लोंबकळण्यासाठी दांडी हवी असेल, तर कुडाच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीत ती ठोकू नका. अंगणातल्या आंब्याची जाड, जिवंत फांदी तिच्यापेक्षा विश्वासाची.

आठवड्यातून तीन दिवस, वीस-वीस मिनिटे हे करावे. प्रत्येक हालचाल आठ-दहा वेळा, थोडा दम घेऊन पुन्हा एकदा. पंधरा वेळा सहज होऊ लागले की वजन वाढवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान दीडशे मिनिटांची मध्यम हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. स्नायूंच्या व्यायामाचा वाटा असा भरतो. दीडशे मिनिटे झपाझप चालून भरावीत. छातीत दुखत असेल, रक्तदाब असेल, तर आधी दवाखाना गाठावा.

आता मुलांकडे वळतो. लोक म्हणतात, पोरे झोपल्यावर व्यायाम करू. पण पोरे झोपतात तेव्हा आईबापही मोडून पडलेले असतात. म्हणून मूल जागे असतानाच तालीम झाली पाहिजे, आणि त्याला तिच्यात जागा मिळाली पाहिजे. मान धरू लागलेले बाळ छातीशी घट्ट धरून बैठका काढता येतात. प्राचीन काळच्या मिलो नावाच्या ग्रीक मल्लाची एक कथा सांगतात, की तो एक वासरू रोज उचलीत असे. वासरू वाढत गेले आणि त्याचे बळही. आपल्या घरातले वासरू जन्मतः सुमारे तीन किलोचे असते आणि वर्षाचे होईतो नऊ किलोच्या आसपास जाते. फुकटचे वाढते वजन आणखी कोणते हवे?

चालू लागलेल्या मुलासाठी खडूने एक रेघ ओढावी. रेघेपलीकडे वजने, अलीकडे त्याचे राज्य: रांगायचे, उड्या मारायच्या, उशीवरून चढायचे. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती वजन देऊ नये; त्याला त्याची गरजही नाही. एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसाकाठी मिळून तीन तास हालते-खेळते राहावे, असे त्याच संघटनेचे २०१९ चे सांगणे आहे. आणि एक नियम मात्र कधीही मोडू नये: काम झाले की वजने कोपऱ्यात जमिनीवर, भिंतीला टेकवून, दोरी आणि ट्यूब खुंटीवर, मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंच. पायाच्या बोटावर पडलेला कॅन आणि गळ्यात अडकलेली दोरी यांना दुसरी संधी नसते.

भगिनींसाठी दोन शब्द वेगळे बोलले पाहिजेत. बाळंतपणानंतर लगेच जड उचलू नये. प्रथम चालणे, श्वासाचा व्यायाम. मग दवाखान्यातल्या बाईंना विचारून पुढचे. ओटीपोटात ओढ लागली किंवा उडी मारताना लघवी सुटू लागली, तर ते लपवू नये आणि सोसूही नये. त्यावर उपाय आहे. परंतु खरा अडथळा शरीराचा नसून घरातल्या वाटणीचा आहे. बायकोला पाणी भरणे, चूल आणि पोर आहेच, वर व्यायामही सांगितला तर ती तिची चौथी पाळी होईल. म्हणून माझे सांगणे असे की, ज्या दिवशी तिची वीस मिनिटे असतील, त्या दिवशी मूल आणि भाकरी नवऱ्याकडे. आपण कारखान्यात पाळ्या लावून घेतो आणि वेळापत्रक भिंतीवर टांगतो. तसेच घरातही टांगा. जो गडी साहेबापुढे समान हक्काची भाषा बोलतो, त्याने ती आधी चुलीपुढे बोलावी.

आणखी एक गोष्ट बोललो नाही, तर हे भाषण अप्रामाणिक ठरेल. उपाशी माणसाला व्यायाम सांगणे हा अपराध आहे. या पट्ट्यात कुपोषण आहे, बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, पावसाळा सरला की कुटुंबेच्या कुटुंबे भट्ट्यांवर जातात. ज्याच्या ताटात नाचणी, डाळ, अंडे, सुकी मासळी पुरेशी नाही, त्याला मी जोर-बैठका सांगणार नाही; त्याच्यासाठी मजुरी, रेशन आणि अंगणवाडीतला आहार यांचीच लढाई आधी आहे. तालीम ही त्या लढाईची जागा घेऊ शकत नाही. "तुम्ही सशक्त व्हा, म्हणजे तुमचे प्रश्न सुटतील," असे सांगणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसायचे नाही. पण ज्याला दोन वेळचे मिळू लागले आहे, त्याने आपले शरीर केवळ मालकासाठी राखू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

शेवटी एक सूचना करतो. एका घराला दांडी परवडत नसेल, पाच घरांना परवडते. पाड्यावर, चाळीत, युनियनच्या कचेरीमागे एक आडवी दांडी, वाळूच्या चार पिशव्या आणि मुलांसाठी मऊ मातीचा एक चौक, एवढे झाले तरी पुष्कळ. तारप्याच्या नाचात आपण कमरेला हात गुंफून रात्र रात्र फेर धरतो, लहान-थोर सारे त्यात असतात, आणि कोणी त्याला वर्गणी मागत नाही. शरीर एकत्र हलवण्याची ही रीत आपल्याकडे आहेच. ती सणापुरती न ठेवता आठवड्याच्या तीन दिवसांत आणायची आहे.

व्याख्यान संपले की आपण घरी जाल. आज कॅन शोधू नका, काही विकत घेऊ नका. घरात चार हात जागा कुठे मोकळी होते तेवढी पाहा, आणि दोघांनी मिळून तीन वार ठरवा.