सावलीचा उत्सव

वृक्ष आणि उत्सव यांचे नाते भारतीय समाजाला नवे नाही. ज्येष्ठी पौर्णिमेला वडाभोवती सुताचे फेरे घातले जातात, दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून हाती ठेवले जाते, कार्तिकात तुळशीचे लग्न लागते आणि आवळीभोजनाच्या निमित्ताने आवळ्याच्या छायेत पंगत बसते. निसर्गाविषयीची कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी पूर्वजांनी पंचांगातच जागा राखून ठेवली होती. परंतु गावातला हा आचार शहरात आला आणि त्याचे रूप पालटले. चाळीच्या दारात वड नव्हता. म्हणून वडाच्या फांद्या तोडून बाजारात विकावयास येऊ लागल्या आणि घरातल्या पाटावर फांदीची पूजा होऊ लागली. आपट्याची पाने पोती भरभरून येऊ लागली. पुष्कळदा तर ती आपट्याची नसून कांचनाचीच असतात, आणि दुसऱ्या दिवशी ती केरात जातात. ज्या वृक्षाजवळ दीर्घायुष्य मागावयाचे, त्याचेच आयुष्य खुंटवावयाचे, असा हा विपरीत प्रकार झाला. उत्सव उरला, पण उत्सवमूर्ती हरपली.

शहरवासीयाला वृक्षाकडे पुन्हा कसे न्यावयाचे, हा प्रश्न त्यामुळेच या देशातील विचारी माणसांपुढे उभा राहिला. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२८ साली शांतिनिकेतनात वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला. रोप लावण्याच्या साध्या कृतीला त्यांनी गायनाची आणि मिरवणुकीची जोड दिली, कारण केवळ उपदेशाने माणसे हलत नाहीत, आनंदाने हलतात, हे त्या कवीला ठाऊक होते. पुढे १९५० साली तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवाचा प्रारंभ केला. जुलैचा पहिला आठवडा त्यासाठी मुक्रर झाला. पाऊस नुकताच स्थिरावलेला असतो, माती मऊ झालेली असते आणि रोपाला मूळ धरावयास अवधी मिळतो. मुहूर्त असा शास्त्रशुद्ध होता.

उणीव मुहूर्तात नव्हती, ती पुढील दिवसांत होती. खड्डा खणला जातो, पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात, टाळ्या पडतात आणि मंडप उठतो. रोप मात्र तेथेच राहते. त्याची खरी परीक्षा जुलैत नसते. ती पुढील वैशाखात असते. पहिले दोन-तीन उन्हाळे जे रोप तगले, ते बहुधा वृक्ष होते. जे तगले नाही, त्याच्याच खड्ड्यात पुढल्या वर्षी नवे रोप लावले जाते आणि नवा सोहळा होतो. एकच खड्डा अनेक वर्षे उत्सवाला पुरतो, ही या देशातील पुष्कळ शहरांची शोकांतिका आहे.

या शोकांतिकेला उत्तर शोधण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न बंगळूर शहरात झाला. या नगरीला उद्यानांची परंपरा जुनी आहे. हैदर अलीने १७६० साली लालबागेचा पाया घातला आणि टिपू सुलतानाने तिची जोपासना केली. विसाव्या शतकाच्या आरंभी गुस्टाव्ह क्रुंबिगल या जर्मन उद्यानतज्ज्ञाने रस्त्याकाठच्या झाडांची अशी योजना मांडली की, एका जातीचा बहर ओसरावा तो दुसरीचा यावा आणि वर्षभर शहराच्या कोणत्या ना कोणत्या भागात फुले असावीत. लालबागेतील काचगृहात प्रजासत्ताकदिनाच्या आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शने भरतात आणि त्यांना लोटणारी गर्दी एखाद्या यात्रेची आठवण करून देते. पुण्याचे एम्प्रेस गार्डन, चंदिगडचा गुलाबमहोत्सव, कोलकात्याच्या उद्यानसंस्थेची प्रदर्शने ही याच कुळातली. मनुष्य फुले पाहावयास येतो आणि जाताना कुंडीतले एक रोप घेऊन जातो. शहरी निसर्गप्रेमाचा श्रीगणेशा असाच होतो.

परंतु कुंडी ही स्वतःची असते. रस्त्यावरचे झाड कोणाचे? एकोणीसशे ऐंशीच्या दशकात बंगळुरात रस्त्यांच्या कडेने सुमारे पंधरा लक्ष झाडे लावण्यात आली. त्या कामाचे सूत्रधार होते वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ. लावलेली रोपे का मरतात, याचा त्यांनी आधी विचार केला. इवलेसे रोप गुराच्या तोंडी जाते, म्हणून पुरेशी उंच वाढलेली रोपे निवडली. त्यांना संरक्षक जाळ्या दिल्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्या घरासमोर झाड लावावयाचे, त्या घरातील माणसांना त्या कामात सहभागी करून घेतले. झाड सरकारचे राहिले, पण त्याची काळजी दारच्या माणसाची झाली. आज त्या रस्त्यांवरून जाणाऱ्याला जी सावली लाभते, तिच्यामागे ही साधी जाणीव आहे.

त्या सावलीचे मोल केवळ सुखाचे नाही. हरिणी नगेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरच्या रस्त्यांवर केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. झाडे असलेल्या रस्त्यांवर दुपारचे हवेचे तापमान ५.६ अंश सेल्सिअसपर्यंत कमी आढळले, तर डांबरी पृष्ठभागाच्या तापमानात २७.५ अंशांपर्यंत फरक दिसला. हे आकडे कोणाच्या कामी येतात? वातानुकूलित मोटारीतून जाणाऱ्याला त्यांची फारशी गरज नाही. पिंपळाखाली ऐरण मांडलेला चर्मकार, करंजाच्या छायेत हातगाडी उभी करणारा फळविक्या, दुपारी दोन घटका डोळा लागावा म्हणून झाडाचा आसरा घेणारा हमाल, शाळेतून पायी घरी जाणारे मूल, या साऱ्यांचे जिणे त्या पाच अंशांवर अवलंबून असते. झाड तुटते तेव्हा श्रीमंताची शोभा जाते आणि गरिबाचे छप्पर जाते.

याच बंगळुरात फेब्रुवारी २०१४ मध्ये नागरिकांनी एकत्र येऊन वृक्षांचा एक उत्सव भरविला. त्याचे नाव ‘नेरळु’. कन्नड भाषेत या शब्दाचा अर्थ सावली असा होतो. हा उत्सव शासनाने वरून लादलेला नव्हता; स्वयंसेवकांच्या श्रमावर आणि लोकांच्या वर्गणीवर तो उभा राहिला. त्यात वृक्षारोपणाला अग्रस्थान नव्हते. जी झाडे आहेत, त्यांची ओळख करून देणे हे त्याचे प्रयोजन होते. जाणकारांबरोबर झाडे पाहत हिंडावे, त्यांच्या गोष्टी ऐकाव्यात, मुलांनी पाने आणि शेंगा गोळा करून चित्रे काढावीत, एवढाच त्याचा थाट. ‘एक झाड’ म्हणून ज्याच्याकडे वर्षानुवर्षे कानाडोळा झाला, ते पर्जन्यवृक्ष आहे, ते दक्षिण अमेरिकेतून आले आहे आणि संध्याकाळी ते आपली पाने मिटून घेते, हे एकदा कळले की त्या वाटेने जाणाऱ्याची मान आपसूक वर होते.

असे ओळखीचे सोहळे आता देशात अनेक ठिकाणी होतात. दर फेब्रुवारीत चार दिवस पक्षिगणना होते. २०१३ सालापासून भारतातील पक्षिमित्र तीत सहभागी होत आले आहेत. निदान पंधरा मिनिटे एका जागी उभे राहून दिसतील ते पक्षी मोजावेत आणि नोंद पाठवावी, इतके ते काम सोपे आहे. पुण्यासारख्या शहरात तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी पक्कड घेऊन निघतात आणि जाहिरातींच्या पाट्यांसाठी झाडांत ठोकलेले खिळे उपसून काढतात. एकेका बुंध्यातून निघणारे मूठभर खिळे पाहून तेथे जमलेल्या लहान मुलांच्या मनावर जो संस्कार होतो, तो क्रमिक पुस्तकातल्या धड्याने होणे कठीण.

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप ठरलेला असतो. तो म्हणतो, “हे सारे हौशी लोकांचे रविवारचे छंद. सोमवारी कुऱ्हाड चालावयाची ती चालतेच.” हा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. मुंबईत आरे येथे ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या आगारासाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. नागरिकांनी केलेल्या विरोधानंतरही ती वाचू शकली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबविण्याचा आदेश दिला, तोवर बहुतेक काम उरकलेले होते. उत्सवाने आणि गाण्यांनी कुऱ्हाड थांबतेच असे नाही.

परंतु या चित्राला दुसरी बाजूही आहे. बंगळुरातच बसवेश्वर चौक ते हेब्बाळ या मार्गावर ६.७ किलोमीटर लांबीचा पोलादी उड्डाणपूल बांधण्याची योजना पुढे आली. त्यासाठी आठशेहून अधिक झाडे जाणार होती. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी हजारो नागरिक त्या मार्गावर हातात हात घालून उभे राहिले. मार्च २०१७ मध्ये राज्य शासनाने तो प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले. त्या निर्णयामागे खर्चाचे, न्यायालयाचे, राजकारणाचे अनेक धागे होते. वृक्षोत्सवामुळे पूल रद्द झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. एवढे मात्र निश्चित की, अनोळखी वस्तूसाठी कोणी उन्हात साखळी धरून उभे राहत नाही. माणसे ज्याला नावाने ओळखतात, त्याच्याचसाठी रस्त्यावर येतात. उत्सवाने आंदोलन होत नसेल. पण आंदोलनाला लागणारी आपुलकी उत्सवात रुजते.

कायद्याचीही हीच गोष्ट आहे. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनासाठी १९७५ साली स्वतंत्र कायदा झाला, कर्नाटकात १९७६ साली. तोडीस हरकत घेण्याचा मार्ग कायद्याने मोकळा ठेवला आहे. परंतु झाडावर चिकटविलेली नोटीस वाचणार कोण? ज्याने त्या झाडाकडे कधी पाहिलेच नाही, तो त्यावरचा कागद काय पाहणार? कायदा कागदावर असतो; त्याला डोळे नागरिकांनी द्यावयाचे असतात.

म्हणून शहरातील निसर्गोत्सव कसा असावा, याचे काही निकष ठरविता येतील. किती रोपे लावली यापेक्षा गेल्या वर्षीची किती जगली, याची मोजदाद तेथे आधी व्हावी. जगलेल्या झाडाचा वाढदिवस नव्या रोपाच्या समारंभाइतक्याच आनंदाने साजरा व्हावा. बुंध्याला आवळू लागलेली जाळी वेळीच सोडवावी, मुळांभोवती गच्च घातलेले सिमेंट फोडून पाण्याला वाट द्यावी, हीदेखील पूजाच मानली जावी. वटपौर्णिमेला फांदी घरी आणण्याऐवजी गल्लीतल्या सर्वांनी मिळून जवळच्या वडापाशी जावे. जवळ वड नसेल, तर तो लावण्याची जागा महापालिकेकडे मागावी. आणि झाडाखाली बसणाऱ्या फळविक्याला, चर्मकाराला, रस्ता झाडणाऱ्या बाईला त्या उत्सवात मानाचे पान मिळावे. कारण रोज सकाळी त्या झाडाकडे त्यांचेच लक्ष असते, आणि कुऱ्हाडीचा पहिला आवाजही त्यांच्याच कानी पडतो.

नगरे वाढणारच. घरे, रस्ते आणि पूल यांची गरज कोणी नाकारू शकत नाही. प्रश्न इतकाच आहे की, त्या वाढीच्या हिशेबात सावलीसाठी एखादा रकाना राहणार की नाही. तो रकाना वर्षातून एक दिवस समारंभ करून भरत नाही. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस कोणीतरी एक बादली पाणी घालावे लागते. उत्सवाचे काम ती बादली उचलण्याची इच्छा जागी करण्याचे आहे. तेवढे जरी साधले, तरी मंडप उठल्यावर रोप एकटे पडणार नाही.