सगळ्या काठ्या एकाच मापाच्या
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत, तीही केक कापण्याआधीची. म्हणजे तुमचं निम्मं लक्ष त्या टेबलाकडे असणार. हरकत नाही, मीही त्याबद्दलच बोलणार आहे.

केक तीन थरांचा आहे. खाली १० इंची, मधे ८ आणि वर ६. वरचे दोन थर मिळून चार किलोच्या आसपास भरतात. केकवर केक ठेवला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं केलं तर वरचा थर हळूहळू आत रुततो, खालच्याचं पोट फुगतं आणि क्रीम बाहेर येतं. १९४७ मध्ये ब्रिटनच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या लग्नाचा केक नऊ फूट उंच होता. पण तो सुक्या मेव्याचा घट्ट केक होता आणि त्यावर साखरेचं कडक कवच होतं. आपला स्पंज मऊ. तो स्वतःचं वजन कसंबसं पेलतो, दुसऱ्याचं कुठून पेलणार?

म्हणून खालच्या थरात उभ्या काठ्या घालतात, त्यांना डॉवेल म्हणतात. वरच्या थराखाली त्याचा स्वतःचा पुठ्ठा असतो आणि तो पुठ्ठा त्या काठ्यांवर टेकतो. सगळं वजन काठ्यांतून थेट खालच्या पाटावर जातं. स्पंजला कळतही नाही.

हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. तरीही अकरा वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, एका लग्नाचा माझा केक हॉलच्या दारातच घसरला. काठ्या घातल्या होत्या. पण केकचा माथा एका बाजूला अर्धा सेंटिमीटर खाली होता आणि मी प्रत्येक काठी जिथे खुपसली तिथल्याच उंचीला कापली होती. केक तिरका, तशाच काठ्याही तिरक्या. चाळीस मिनिटांचा रस्ता, वाटेतले गतिरोधक आणि उकाड्यानं सैल झालेलं क्रीम. डिकी उघडली तेव्हा वरचा थर कडेला आडवा पडला होता.

नवरीचे वडील एक शब्दही बोलले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी सगळे पैसे परत केले. ओव्हनसाठी काढलेल्या बचत गटाच्या कर्जाचे चौदा हप्ते बाकी होते. घरी आल्यावर ओव्हन विकायचा, असं मी ठरवलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचं कपाट दुरुस्त करायला आपल्याच वर्गातला एक जण आला. शेवटच्या बाकावर बसायचा. दहावीला गणितात राहिला आणि वडिलांबरोबर सुतारकामाला लागला. माझा चेहरा पाहून त्यानं काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. उरलेल्या काठ्या त्यानं हातात घेतल्या, एकमेकींशेजारी उभ्या केल्या आणि म्हणाला, "अगं, टेबलाचे पाय कधी जमीन बघून कापतात का? जिथे केक सगळ्यांत उंच आहे तिथलं एक माप घे. ती काठी पहिली. बाकीच्या तिच्याच मापानं काप. आणि दर वेळी पहिलीच घे, आत्ता कापलेली घेऊ नकोस. नाहीतर केसाकेसानं चूक वाढत जाते."

मग त्यानं पाणसळ काढली आणि रिकाम्या ताटावर ठेवून मला बुडबुडा मधे कसा आणायचा ते दाखवलं. कपाटाचे पैसे घेतले, या शिकवणीचे घेतले नाहीत.

ओव्हन राहिला. तेव्हापासून मी केक पाच-सहा तास फ्रीजमध्ये घट्ट करते, काठ्या त्याच्या पद्धतीनं कापते आणि सगळ्यांत शेवटी मधून एक लांब, टोकदार काठी तिन्ही थरांतून ठोकते, म्हणजे गाडी हलली तरी थर सरकत नाहीत. एकही केक पुन्हा पडला नाही.

आता एक तक्रार, ती माझ्यासकट सगळ्यांविरुद्ध. आपण मेळाव्याची यादी दहावीच्या निकालावरून केली. त्यामुळे आठ जणांना बोलावणंच गेलं नाही. मी त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मी नापासांतला, तिथे माझं काय काम?" खूप आग्रह केला तेव्हा आला. आत्ता मागे दाराजवळ उभा आहे. नाव घेतलं तर लाजून निघून जाईल, म्हणून घेत नाही. पण पुढच्या वेळी यादी हजेरीपटावरून करू या. त्यात आपण सगळेच आहोत.

शेवटची सूचना. केक वरून खाली, एकेक थर उतरवून कापायचा. खालच्या थरात पाच काठ्या आहेत, मधल्यात चार आणि मधोमध एक लांब. एकूण दहा. दहाच्या दहा मोजून माझ्याकडे परत द्या. एखादी कमी भरली, तर सरांनी पूर्वीसारखं सगळ्यांना उभं करावं.