खेळाचा तास : प्रा. विजय बारसे यांचे कार्य आणि आपले कर्तव्य

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात नंदुरबार येथे दिलेले भाषण)



 नुकताच येथे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. नावे पुकारली गेली, मुले व्यासपीठावर आली, आईबापांचे डोळे पाणावले. टाळ्या वाजविण्यात आम्हीही कोणाहून मागे नव्हतो. परंतु त्याच वेळी मंडपाच्या शेवटच्या रांगांकडे आमचे लक्ष वारंवार जात होते. तेथे बसलेल्या कित्येक मुलांचे नाव आज पुकारले गेले नाही, आणि सत्काराची आपली पद्धत आहे तशीच राहिली तर पुढेही पुकारले जाणार नाही. आमचे आजचे बोलणे त्या मुलांसंबंधी आहे. अशा मुलांसाठी ज्या एका प्राध्यापकाने आपले उत्तरायुष्य वेचले, त्यांची हकीकत सांगावी आणि तिच्यातून आपणांस काय घेता येईल ते पाहावे, एवढाच आमचा हेतू आहे.

आपल्या गावावरून जाणारी ताप्तीकाठची रेल्वे भुसावळकडे मोठ्या मार्गास मिळते, आणि तोच मार्ग पुढे नागपुरास जातो. त्या नागपुरात 1883 साली स्थापन झालेले हिस्लॉप महाविद्यालय आहे. प्रा. विजय बारसे तेथे क्रीडाशिक्षणाचे प्राध्यापक होते. महाविद्यालयातील क्रीडाशिक्षकाचे आयुष्य कसे असते, याची आपणांपैकी फार थोड्यांस कल्पना असेल. इतर प्राध्यापकांचा विषय वर्षानुवर्षे तोच राहतो. क्रीडाशिक्षकाचा संघ मात्र दर दोन-तीन वर्षांनी मोडतो. पोर चांगले तयार झाले, पास देण्यास व जागा राखण्यास शिकले, की त्याची पदवी पूर्ण होते आणि ते नोकरीच्या शोधात निघून जाते. जून उजाडला की शिक्षकाने पुन्हा नवी पोरे गोळा करावयाची आणि पुन्हा पहिल्या धड्यापासून प्रारंभ करावयाचा. मोडलेला संघ पुनःपुन्हा उभारणे हेच त्याच्या धंद्याचे मर्म होय. बारसे सरांच्या पुढील कार्याचा पाया आम्हांस याच सवयीत दिसतो.

2001 सालची गोष्ट. पावसाचे दिवस होते. एका वस्तीतील काही मुले एक तुटकी बादली लाथांनी टोलवीत खेळण्यात दंग झालेली सरांस दिसली. असे दृश्य आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिलेले आहे. आपण काय करतो? छत्री सावरतो, चिखल चुकवितो आणि पुढे जातो. सर थांबले. त्यांनी त्या मुलांस खरा फुटबॉल आणून दिला. त्यानंतर त्यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली की, मुले जितका वेळ चेंडूमागे असतात तितका वेळ ती व्यसनांपासून आणि वाईट संगतीपासून दूर असतात. एखाद्याने या निरीक्षणावर एखादा लेख लिहिला असता. सरांनी त्याच वर्षी स्पर्धा भरविली आणि तिचे नाव ‘झोपडपट्टी फुटबॉल’ असे ठेवले. त्या स्पर्धेत 128 संघ उतरले.

या आकड्यावर क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. खेळाडू शोधूनही मिळत नाहीत, अशी आपली नेहमीची तक्रार असते. एका शहराच्या वस्त्यांमधून सव्वाशेवर संघ उभे राहिले, याचा अर्थ खेळाडू होतेच. त्यांना बोलावणारे कोणी नव्हते. आणि हा खेळ तरी किती स्वस्त! आपण व्यापारउदीम करणारी माणसे. हिशेब आपणांस लवकर समजतो. क्रिकेटला बॅट, पॅड, हातमोजे, यष्ट्या, सारेच हवे. फुटबॉलला बावीस मुलांमागे एक चेंडू पुरतो. बाकी भांडवल पायांचे.

पुढे सर निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या सुमारे अठरा लाख रुपयांचे काय करावे, हा प्रश्न आपल्या घरांत उद्भवला असता तर त्याचे उत्तर आपण जाणतोच. घराचा मजला, मुलीचे लग्न, बँकेतील ठेव. यात गैर काहीच नाही. सरांनी त्या पैशातून नागपूरच्या बाहेर जमीन घेतली, वस्तीतल्या मुलांस हक्काचे मैदान असावे म्हणून. त्यांच्या पत्नी सौ. रंजनाताई या कार्यात त्यांच्याबरोबर राहिल्या, आणि अमेरिकेत गेलेले चिरंजीव अभिजित परत येऊन याच कार्यात सामील झाले. परदेशी गेलेल्या मुलास परत आणणारे कार्य कोणते, असा प्रश्न पडणाऱ्या आईबापांनी या उदाहरणाचा अवश्य विचार करावा. आज ही संस्था ‘स्लम सॉकर’ या नावाने ओळखली जाते.

जगात बेघर व निराधार माणसांची एक विश्वचषक स्पर्धा भरते. 2003 साली ऑस्ट्रियातील ग्राझ या शहरी तिचा आरंभ झाला. मैदान लहान असते, एका बाजूस चारच खेळाडू असतात, आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव होतात. या स्पर्धेचा एक नियम मोठा अर्थपूर्ण आहे. एका खेळाडूस तिच्यात आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. तो कितीही तरबेज असो, पुढील वर्षी त्याची जागा दुसऱ्या कोणासाठी मोकळी करावी लागते. भारताचा संघ तयार करून पाठविण्याचे काम बारसे सरांच्या संस्थेने अंगावर घेतले. 2010 साली ब्राझीलमधील रिओ येथे या संघाचा कर्णधार होता नागपूरच्या वस्तीतला अखिलेश पॉल. आडवाटेस लागलेल्या या तरुणास फुटबॉलने परत आणले. पुढे तो स्वतःच मुलांस खेळ शिकवू लागला आणि 2014 साली दूरदर्शनवरील ‘सत्यमेव जयते’ या कार्यक्रमातून त्याने आपली कहाणी साऱ्या देशास सांगितली.

एक वेळ जिंकलेला संघ पुन्हा पाठविता येत नाही, म्हणजे दरवर्षी शिक्षकाने पुन्हा वस्तीत जावे, पुन्हा नवी पोरे शोधावी, हे ओघानेच आले. जून महिन्यातला महाविद्यालयीन क्रीडाशिक्षकाचा धडा येथे उपयोगी पडला. इतरांस जो नियम अडचणीचा वाटला असता, तोच या माणसाच्या आयुष्यभराच्या सरावाचा होता.

मान-सन्मान पुढे आले. 2016 साली जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे ‘फिफा’ने, आपला विविधता पुरस्कार या संस्थेस दिला. 2022 साली नागराज मंजुळे यांनी या कार्यावर आधारलेला ‘झुंड’ हा चित्रपट काढला आणि त्यात श्री. अमिताभ बच्चन यांनी प्राध्यापकाची भूमिका केली. तो आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. चित्रपट पाहून आपण हळहळतो आणि घरी येऊन जेवतो. म्हणूनच सन्मानांपेक्षा त्या तुटक्या बादलीचा विचार अधिक करावा, असे आम्हांस वाटते.

संघ उभारणारा शिक्षक ही आपल्या देशास नवी गोष्ट नव्हे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हेही मूळचे शिक्षकच. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 पासून 1954 पर्यंत मुंबईचा रोव्हर्स चषक सलग पाच वेळा जिंकला. तरी 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारतास दहा विरुद्ध एक गोलने हरविले. आपले बहुतेक खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळत होते. तेथून रहीमसाहेबांनी संघ पुन्हा बांधावयास घेतला. 1956 साली मेलबर्न येथे भारत चौथा आला. मुंबईकर नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल केले. 1962 साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियास नमवून आपण सुवर्णपदक मिळविले. त्या वेळी रहीमसाहेबांस कर्करोगाने ग्रासले होते. पुढल्याच वर्षी ते गेले. दहा गोलांच्या पराभवापासून सुवर्णपदकापर्यंत दहा वर्षे लागली. संघ उभारणे हे किती सावकाशीचे काम आहे, हे यावरून दिसते.

आता स्वतःसंबंधी थोडे बोलतो, आणि ते आमच्या गौरवाचे नाही. आम्ही या जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत अनेक वर्षे गणित शिकविले. निकाल उत्तम लागे आणि त्याचा आम्हांस अभिमान असे. तो निकाल आम्ही कसा लावीत असू? क्रीडाशिक्षकाकडून खेळाचा तास मागून घेऊन. ते बिचारे सज्जन गृहस्थ. कधी नाही म्हणत नसत. एका वर्गात आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा होता. गणितात तो अगदी कच्चा, पण पायांत वारा. शाळेच्या संघाचा तो कणा होता. आम्ही त्याच्या वडिलांस बोलावून सांगितले की, ‘खेळाने पोट भरत नाही, याचे बूट काढून घ्या.’ त्यांनी ते आज्ञेप्रमाणे काढून घेतले. त्यामुळे मुलाचे गणित सुधारले नाही, आणि ज्या एका गोष्टीसाठी तो शाळेत येत असे तीही गेली. दहावीची परीक्षा न देताच तो सुरतेस लूमवर कामास गेला.

काही वर्षांनी तो नंदुरबारच्या फलाटावर भेटला. त्याने वाकून नमस्कार केला आणि विचारले, ‘सर, शाळेत अजून फुटबॉल आहे का?’ आम्ही ‘आहे’ म्हणालो. गाडी आली आणि तो चढून गेला. शाळेत फुटबॉल राहिलेला नव्हता. तो आमच्यामुळेच राहिलेला नव्हता, हे सांगण्याचे धैर्य त्या दिवशी आम्हांस झाले नाही. ते आज आपणांसमोर सांगत आहोत. बारसे सरांनी परक्याच्या मुलांसाठी जे केले, ते आपल्याच ज्ञातीतील मुलासाठी करण्याची संधी आमच्या हाती होती. आम्ही ती गणिताच्या तासात घालविली.

बंधु-भगिनींनो, हा जिल्हा 1998 च्या जुलैत धुळ्यापासून वेगळा झाला. येथील सुमारे सत्तर टक्के लोकसंख्या आदिवासी बांधवांची आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडील मुले सातपुड्याचे चढ उतरून शिक्षणासाठी खाली येतात आणि वसतिगृहांत राहतात. त्यांच्या पायांस चढ-उताराचा जो सराव असतो, तो कोणत्याही शिक्षकास विकत आणून देता येणार नाही. संध्याकाळी ती आपल्या संस्थेच्या आवारावरून जातात. आपल्या आवाराला मात्र कुलूप असते. लग्नसराईत मांडव पडतो तेवढे दिवस सोडले, तर वर्षभर तेथे गवत वाढते.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, हे आवार रोज सायंकाळी दोन तास खेळासाठी उघडावे, आणि ते सर्व ज्ञातींच्या मुलांस, तसेच मुलींसही, खुले असावे. दुसरी, शिष्यवृत्ती निधीच्या व्याजातील एक हिस्सा चेंडूंसाठी व एका शिक्षकाच्या मानधनासाठी राखावा. तिसरी, पुढील संमेलनात टक्क्यांच्या बक्षिसांबरोबर एक बक्षीस अशा मुलास किंवा मुलीस द्यावे, की ज्याने संघ टिकवून धरला.

‘संस्थेचा पैसा संस्थेच्याच मुलांवर खर्च व्हावा’, असा आक्षेप येईल. तो अगदीच चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी पै-पै जोडून हा निधी उभा केला आहे. परंतु कुटुंबांची यादी उघडून पाहावी. एका वयाची आपली मुले मोजली तर या गावात एक संघ जेमतेम भरेल, दुसरा भरणार नाही. समोर दुसरा संघच नसेल तर आपली मुले खेळणार कोणाशी? खेळाला दोन बाजू लागतात. आपल्या मुलांचे भले करावयाचे असेल, तर दुसऱ्यांच्या मुलांस आत घेतल्यावाचून ते होणार नाही.

शिवाय या गावास हे शिकविण्याची गरज तरी काय? 9 सप्टेंबर 1942 रोजी येथील शाळकरी मुले तिरंगा घेऊन निघाली. शिरीषकुमार, लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम ही पाच नावे आपल्या गावातील प्रत्येक लेकरास पाठ आहेत. ती एका ज्ञातीची नव्हती. त्यांनी आपला जथा करताना कोणाची ज्ञात विचारली नाही, आणि गोळीनेही विचारली नाही.

आम्ही आता निवृत्त आहोत. दुपारी वर्तमानपत्र वाचणे आणि सायंकाळी फेरफटका मारणे, एवढाच आमचा व्यवसाय. मंडळाने पहिली सूचना मान्य केली, तर कुलूप उघडण्याचे व लावण्याचे काम आम्ही आनंदाने करू. गणिताचा एकही प्रश्न विचारणार नाही, असे वचन मुलांस आत्ताच देतो. फलाटावर एका मुलाशी आम्ही खोटे बोललो होतो. तो पुन्हा कधी भेटला, तर ‘आहे’ हे उत्तर खरे व्हावे, एवढीच आमची इच्छा आहे.