आधी स्टुडिओ हवा

बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना कलावंत म्हणून उभे राहण्यासाठी वर्गापेक्षा स्टुडिओची गरज अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे. वर्गात काय करायचे ते शिक्षक ठरवतात, स्टुडिओत काम करणारा स्वतः ठरवतो. कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये कॅट्झ दांपत्याने १९७४ मध्ये ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ हा स्टुडिओ सुरू केला तो याच विश्वासाने. जुडिथ स्कॉट तेथे १९८७ मध्ये आल्या. डाऊन सिंड्रोम, बहिरेपण, बोलणे नाही, आणि आयुष्याची सुमारे ३५ वर्षे बंदिस्त संस्थांत गेलेली. चित्रांत त्यांचे मन जवळजवळ दोन वर्षे रमले नाही, तरी त्यांची जागा कुणी काढून घेतली नाही. पुढे धाग्यांच्या एका कार्यशाळेत त्यांना आपले माध्यम सापडले. २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या वस्तूंभोवती सूत, लोकर, चिंध्या गुंडाळत राहिल्या. त्या शिल्पांचे स्वतंत्र प्रदर्शन ब्रुकलिन म्युझियमने २०१४ मध्ये भरवले.

अशा स्टुडिओत सामान दुसऱ्याने हाती दिले तर काम कुणाचे, असे विचारले जाते. ओतीव शिल्पाला ओतारी लागतो, म्हणून शिल्पकाराचे नाव कुणी पुसत नाही. लंडनच्या ‘ॲक्शनस्पेस’ या संस्थेने बौद्धिक दिव्यांग कलावंत नेना कालू यांना १९९९ पासून साथ दिली आणि २०२५ मध्ये त्यांना ब्रिटनमधील दृश्यकलेचे टर्नर पारितोषिक मिळाले. एका भोवऱ्याशेजारी तसाच दुसरा भोवरा रेखणारी त्यांची जोडचित्रे कुणाच्या सांगण्यावरून काढलेली नाहीत. पण असे किती जण निघणार, आधी पोटापाण्याचे पाहा, हा पालकांचा प्रश्न अधिक खरा आहे. कमाईसाठी ऑर्डरप्रमाणे पणत्या रंगवण्याला माझा विरोध नाही, त्यातून हातात पैसे येतात. मात्र ऑर्डरचा रंग आणि नक्षी आधीच ठरलेली असते, तिथे स्वतःची निवड दिसायला वाव नसतो. ओकलंडच्या ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’मध्ये विक्रीची निम्मी रक्कम कलावंताला मिळते, तेव्हा कला आणि कमाई यांचे वैर मानायचे कारण नाही.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २९ ने दिव्यांग कलावंतांना सुविधा व आधार देण्याची जबाबदारी शासनाबरोबर स्थानिक प्राधिकरणांवरही टाकली आहे. नगरपालिकेच्या रिकाम्या शाळेतली एक खोली, पाण्याचा नळ, अर्धे काम आठवडाभर तसेच ठेवता येईल अशी टेबले आणि स्वतः चित्रे काढणारा एक सोबती, एवढी आपली मागणी हक्काची आहे. तिचा मसुदा संमेलनाच्या दुपारच्या सत्रात होईल. तो ठरावात घेण्यापूर्वी चित्रांच्या साहाय्याने कलावंतांना समजावून सांगावा आणि त्यांचा होकार किंवा नकार नोंदवावा, अशी सत्राच्या अध्यक्षांना विनंती आहे.