छातीचा फोटो आणि यंत्राची नजर

छातीचा फोटो उजेडासमोर धरून डॉक्टर क्षणभर गप्प होतात, तो क्षण आपल्यापैकी अनेकांनी अनुभवला असेल. आता असे फोटो संगणकही वाचू लागला आहे.

त्याला नियम सांगत नाहीत, उदाहरणं दाखवतात. 2017 साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 1,12,120 एक्स-रे संशोधकांसाठी खुले केले. सोबत निदानाची नोंद: न्यूमोनिया, फुप्फुसाभोवती पाणी वगैरे. या नोंदीसुद्धा संगणकानेच डॉक्टरांच्या अहवालांतून वेचलेल्या, म्हणून काही चुकलेल्याही. गुरूच चुकला तर शिष्याचं काय!

बरं, शिष्य लबाडही निघतो. 2018 मधल्या एका अभ्यासात दिसलं, की न्यूमोनिया शोधायला शिकवलेला संगणक फोटो कोणत्या रुग्णालयातला, हेही अचूक ओळखत होता. डावी-उजवी बाजू दाखवणाऱ्या धातूच्या खुणेवरसुद्धा त्याची नजर! जिथे न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, तिथला फोटो दिसला की आजाराचा अंदाज वाढवायचा. परक्या रुग्णालयाचे फोटो दिले, की बऱ्याचदा गडी घसरायचा.

तरीही क्षयरोगाच्या चाळणीत त्याचा खरा उपयोग आहे. मार्च 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 15 वर्षं आणि त्यावरच्या वयासाठी तशी शिफारस केली. मुंबईच्या क्यूर एआय कंपनीनेही असं सॉफ्टवेअर बनवलंय. हातात नेता येणारं एक्स-रे यंत्र गावात पोहोचतं. रेडिओलॉजिस्ट मात्र दूर शहरात. संगणक संशयाचे गुण देतो. जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाच्या व्रणालाही कधी भरपूर गुण मिळतात. म्हणून पुढे बेडक्याची तपासणी होते, आणि औषध सुरू करायचं की नाही ते डॉक्टर ठरवतात.