खिशातील चाकू व धारेचा दगड
(समाजाच्या जळगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षण, हुंडा, वसतिगृह अशा थोर विषयांवर विद्वान वक्ते बोलून गेल्यावर आम्ही धारेच्या दगडाविषयी बोलावयास उभे राहिलो, याचे कित्येकांस हसू येईल. येवो बापडे. यावल-रावेरकडे केळीच्या बागेत जाणाऱ्या आपल्या बहुतेक बांधवांच्या खिशात घडीचा चाकू असतो. 2016 साली जळगावच्या केळीस भौगोलिक मानांकन मिळाले. त्या चाकूची मात्र कोणी विचारपूस केली नाही. गतवर्षी आमच्या पुतण्याने बोथट चाकूने ठिबकची नळी कापताना जोर केला, पाते निसटले आणि डाव्या अंगठ्यात खोल रुतले. तो अंगठा आजही पुरता वाकत नाही. धारदार चाकूने हात कापतो असे आपण मुलांस बजावतो. वस्तुतः बोथट चाकूच अधिक घात करतो, कारण त्यास जोर लावावा लागतो.

मग धार लावावी कशावर? पुष्कळ घरी पाट्याच्या कडेवर चाकू घासतात. आपला खानदेशचा काळा पाषाण लाव्हारसाचा. त्यातील कण पोलादाहून फारसे कठीण नाहीत. त्यामुळे श्रम फार आणि फळ थोडे. कठीणपणाच्या दहा अंकी मापात गारेचा अंक 7, कुरुंदाचा 9 व हिऱ्याचा 10. 1891 साली अमेरिकेत अ‍ॅचेसन यांनी विजेच्या भट्टीत जो कार्बोरंडम बनविला, तो कुरुंदाहूनही किंचित सरस. याच नावाची कंपनी मद्रासेत 1954 साली निघाली. हल्ली हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दुतोंडी दगड, एक अंग जाडे व एक बारीक, तोच आम्ही घ्यावयास सांगतो. त्यावरील अंक जितका मोठा, तितका कण बारीक.

फिरत्या चाकाविषयी आमचा अनुभव कडू आहे. ज्या चाकूने आम्ही वर्गातील मुलांचे बोरू तासून दिले, तो वडिलांचा चाकू आम्ही धुळ्याच्या बाजारात एकास धार लावावयास दिला. ठिणग्या पाहून कौतुक वाटले. घरी येऊन पाहतो तो कडेस निळसर झाक! पोलाद सुमारे 300 अंशांपर्यंत तापले म्हणजे हा रंग चढतो आणि त्याचे पाणी उतरते. आता त्या चाकूस धार लागते, परंतु टिकत नाही. सर्वच शिकलगारांस आम्ही दोष देत नाही. घडोघडी पात्यावर पाणी घालणारा भेटला तर चाकू खुशाल द्यावा. खाचेतून पाते ओढावयाची जी लहान यंत्रे मिळतात, ती मात्र लोखंड खरवडून काढतात. घाईच्या गृहस्थास ती सोयीची. पाते तेवढे लवकर संपते.

दगड घेतला तरी कोन साधला पाहिजे. येथे आमची मास्तरकी उपयोगी पडते. कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला म्हणजे 45 अंश, पुन्हा दुमडला म्हणजे साडेबावीस. दगडावर पाते साधारण तेवढेच उचलावे. धारेच्या कडेस शाई लावून दोनचार हात फिरवावेत. शाई जेथे राहिली तेथे दगड लागलाच नाही. दगड ओला ठेवावा. एका अंगाने घासता घासता दुसऱ्या अंगास बारीक खरखर लागली, की बाजू बदलावी. ती पाहताना बोट धारेवरून लांबीने कदापि ओढू नये. पाठीकडून धारेकडे आडवे न्यावे. शेवटी बारीक अंगावर हलके हात आणि मग जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ठेवून, आठदहा वेळा.

वर्षभरात दगड मध्ये खोलगट होतो. तो सपाट शहाबादी फरशीवर ओली वाळू टाकून घासावा.

आम्ही असा एक दगड पिशवीतून आणला आहे. ज्यांच्या खिशात चाकू असेल त्यांनी भोजनोत्तर मंडपामागील पाण्याच्या टाकीपाशी यावे. पुतण्याही तेथे असेल. त्याचा चाकू आधी घेऊ.