फुंकर मारून पोटाची तपासणी

(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत एका आरोग्य सखीने सांगितलेली माहिती, तिच्याच शब्दांत)



हप्त्यांचा हिशोब नंतर करू. आधी खरं सांगा, किती जणींच्या पिशवीत पित्ताची गोळी आहे? बघा, किती हात वर आले! माझ्याही पिशवीत होती, चार वर्षं. सकाळी गोळी घेतली की दिवस निघायचा. बंद केली की तिसऱ्या दिवशी जळजळ, आंबट ढेकर, रात्री पोटात टोचणी. मी म्हणायचे, ठेचा खाते, उपास धरते, म्हणून होतंय.

पण पोटात एक जंतू असतो. डॉक्टर त्याला एच पायलोरी म्हणतात. जठरातल्या आम्लात जंतू जगूच शकत नाही, असं पूर्वी डॉक्टरांनाही वाटायचं. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल नावाच्या डॉक्टरांनी १९८४ साली हा जंतू स्वतः पिऊन पाहिला आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना याच कामासाठी नोबेल मिळालं. हा जंतू बहुतेक लहानपणीच, घरच्या माणसांकडून किंवा घाण पाण्यातून येतो. पुष्कळांना काहीच त्रास होत नाही. काहींना मात्र अल्सर होतो. कुणाचं लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही, त्यामागेही कधी कधी हाच असतो.

त्याला शोधायची एक सोपी तपासणी आहे. नळी घालायची नाही, सुई टोचायची नाही, नुसती फुंकर मारायची. सहा तास उपाशी राहून जायचं. आधी एका पिशवीत फुंकायचं, मग युरिया घातलेलं पाणी प्यायचं. युरिया म्हटल्यावर मी दचकलेच, कारण आमच्या कापसाला टाकतो तोच! पण हा शुद्ध असतो, अगदी थोडा, आणि त्यातला कार्बन ओळखू येईल असा खुणेचा असतो. गोठ्यात मुताचा उग्र वास येतो ना? तिथे जंतू युरिया फोडतात, त्यातून अमोनिया निघतो. पोटातला जंतूही तेच करतो. त्या अमोनियाच्या आडोशाने तो आम्लात टिकतो. युरिया फुटला की खुणेचा कार्बन रक्तातून श्वासात येतो. अर्ध्या तासाने दुसऱ्या पिशवीत फुंकलं की मशीनवर कळतं. एका प्रकारच्या तपासणीत किंचित किरणोत्सर्गी कार्बन असतो, म्हणून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने आधीच सांगायचं.

आता माझी चूक ऐका. मी गोळी चालू ठेवूनच फुंकून आले. मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. रिपोर्ट आला, जंतू नाही. त्या भरवशावर आणखी एक वर्ष गोळ्या खाल्ल्या. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल अशा गोळ्यांनी जंतू दबतो आणि तपासणी फसते. त्या दोन आठवडे आधी बंद पाहिजेत, आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी. बंद मात्र डॉक्टरांना विचारूनच करायच्या. मी पुन्हा फुंकले तेव्हा जंतू निघाला.

मग चौदा दिवसांचं औषध. तोंड कडू व्हायचं, मळमळायचं, सहाव्या दिवशी सोडून द्यावं वाटलं. जाऊबाई रोज डबीतल्या गोळ्या मोजायच्या, म्हणून पूर्ण झालं. अर्धवट सोडलं की जंतू त्या औषधाला दाद देत नाही. औषध संपल्यावर चार आठवडे थांबून परत फुंकायचं, गेला का ते बघायला.

एक मात्र ध्यानात ठेवा. डांबरासारखी काळी, चिकट शी होत असेल, उलटीत रक्त येत असेल, घास अडकत असेल किंवा वजन उतरत असेल, तर फुंकर मारायच्या नादी लागू नका, सरळ मोठा दवाखाना गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळपट होते, पण चक्कर येत असेल तर थांबायचं नाही. आणि सोयाबीन काढणीत अंग दुखतं म्हणून उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या खाता ना, त्यांनीही अल्सर होतो. जंतूच्या माथी सगळं मारू नका.

ही तपासणी सगळीकडे होत नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात किंवा लातूरला जाणार असाल, तर आधी फोन करून विचारा, नाहीतर एसटीचं भाडं वाया. जाताना चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर घ्या. ज्यांनी हात वर केले त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे या, कोण किती दिवसांपासून गोळी घेतंय ते आपण वहीत लिहून काढू.